शामराव कोवेचा मदरबोर्ड

माझी बायको विमल वारली तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लोक बसायला आले. बसायला येणं म्हणजे चटईवर येऊन बसायचं, थोडा वेळ गप्प राहायचं, मग 'चांगली बाई होती' म्हणायचं आणि चहा नको म्हणून उठायचं. सगळ्यांनी तसंच केलं. शेजारचा शामराव कोवे तेवढा बराच वेळ खाली पाहत राहिला, आणि मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड घ्याचा म्हन्तो. दोन खाचावाला घेऊ का चार खाचावाला?"

माझी मुलगी संगीता दारातून पाहत होती. तिनं कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "चार." त्या दिवशी मला कोणी काहीही विचारलं असतं तरी मी चारच म्हटलं असतं. पण शामरावनं मान हलवली, माझं म्हणणं पटल्यासारखी. उठताना म्हणाला, "मी पन चारच म्हनत होतो. उद्या येतो."

आणि दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी पण आला. बसायला येणारे बाकीचे लोक हळूहळू थांबले. हा थांबला नाही.

मदरबोर्ड म्हणजे काय, हे मला आजही धड समजलेलं नाही. शामरावच्या सांगण्यावरून एवढं कळलं की कॉम्प्युटरच्या पेटीच्या आत एक पाटी असते. हिशेब करणारा प्रोसेसर, आठवण ठेवणारी रॅम, सगळे त्या पाटीवर बसतात. रॅम ज्यात बसते त्या खाचा. पाटी चुकीची घेतली तर बाकीचं सामान तिच्यावर बसतच नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मला पाटी म्हटली की शाळेतली आठवते. तरी तो मलाच विचारायचा. गावात शिकलेली माणसं कमी नाहीत, विहाराजवळ कॉलेजात शिकवणारे सर राहतात. मी म्हटलं, "त्याइले विचार ना गा." तर म्हणतो, "ते लगेच सांगून टाकतीन."

मला काही समजलं नाही. लगेच सांगितलं तर वाईट काय?

शामराव आणि मी एकाच कोळसा खाणीत होतो, माजरीच्या बाजूला. मी खाली, टिंबर मिस्त्री. छताला लाकडाचे टेकू लावणं माझं काम. शामराव वर, मोठ्या पंख्यावर. खाणीच्या पोटात हवा पोचवतो तो पंखा. तो बंद पडला तर खाली माणूस गुदमरतो. शामराव सगळी नोकरी त्या पंख्याजवळ स्टुलावर बसून त्याचा आवाज ऐकत राहिला. आवाजात फरक पडला की हातातला घास ठेवून उठायचा. रिटायर झाला तरी कान पंख्यालाच. लग्नाला गेला तर नवरा-नवरी नंतर, आधी मंडपातला पंखा. 'याचं बेरिंग गेलं' म्हणून सांगायचा, अक्षता हातात धरून. आमच्याकडे जेवायला बसला तरी नजर वर. विमल म्हणायची, "शामरावभाऊ, खाली पाहा, वरण थंड होऊन राह्यलं." ती त्याच्याबद्दल म्हणायची, याले डोकं आहे, पन झाकन नाई.

मूळ गाव त्याचं कुरखेड्याकडं, जंगलात. भाऊ-पुतण्यांची धानाची शेती तिकडंच. तो इकडंच राहिला. लग्न केलं नाही. काऊन नाही केलं विचारलं तर सांगतो, "एक शंका होती."

ही शंका त्याची जुनी सोबतीण. कुठलीही गोष्ट करायची वेळ आली की शामराव थांबतो, एक बोट वर करतो आणि म्हणतो, "एक शंका आहे." आणि दुसरं वाक्य, "हवा फिरली पायजे." या दोन वाक्यांवर माणूस सत्तरीला आला.

आता कॉम्प्युटर त्याला कशाला पाहिजे होता, हे विचारू नका. मी विचारलं होतं. एकदा म्हणाला गाणी ऐकायला. एकदा म्हणाला पुतण्याच्या पोरीला देईन. एकदा म्हणाला, "घरात काई तरी फिरत राह्यलं पायजे." पण साधा नको होता. दुकानात जो सगळ्यात दमदार मिळेल, रात्रंदिवस चालला तरी तापणार नाही, असा पाहिजे होता. आणि तयार नको. एकेक भाग निवडून घरी बांधायचा.

पेटी त्यानं आधीच करून घेतली होती. भद्रावतीच्या कूलरवाल्याकडून. कॉम्प्युटरची पेटी दुकानात मिळते, हे त्याला माहीत होतं. पण तिची बारीक भोकं पाहून त्याला तिच्यावर दया आली म्हणे. त्यानं कूलरवाल्याकडून पत्र्याची कंबरेएवढी पेटी बनवून घेतली, तीन बाजूंनी जाळी, मागे पंखा. कूलरवाल्यानं सवयीनं जाळीत गवतही भरलं आणि खाली पाण्याची टाकी पण दिली. मी म्हटलं, "शामराव, कॉम्प्युटरले पानी लावतं का?"

"पानी कायले लावन? मी का पागल आहो?" मग जरा थांबून म्हणाला, "गवत राहू देतो. धूळ अडते."

लोक कॉम्प्युटर टेबलावर ठेवतात. शामरावचा कॉम्प्युटर झाला असता तर टेबल कॉम्प्युटरवर ठेवावं लागलं असतं.

पेटी झाली, पंखा झाला, टीव्हीसारखा पडदा पण आला. राहिला फक्त मदरबोर्ड. आणि तिथं माझा पाय अडकला.

शामरावचा हात थरथरतो. बशीत चहा ओतला तर अर्धा मांडीवर. बोर्ड बसवायचा तर बारीक बारीक स्क्रू, त्याच्या हातानं होणं नाही. माझा हात हलत नाही. छताखाली टेकू लावताना हात हलला तर माणूस उरत नाही, म्हणून तो हलायचंच विसरला. विमल गेली तेव्हाही हलला नाही. ते चांगलं का वाईट, मला समजत नाही. तर शामराव म्हणाला, "भाऊ, बोर्ड आला का तुमीच बसवून द्याचा." मी हो म्हटलं.

आणि तिकडं संगीताला पण हो म्हटलं होतं. ती नागपूरला असते. तिचं म्हणणं, बाबा, एकटे राहू नका, घराला कुलूप लावा आणि इकडं या, कायमचे. मला पटलं होतं. त्या घरात मला राहवत नव्हतं. स्वयंपाकघरात जायचो आणि कशाला आलो तेच आठवायचं नाही. डब्यावर डबे. कोणत्या डब्यात काय, ते विमललाच माहीत. साखर शोधताना मला रवा सापडायचा, रवा पाहिजे तेव्हा साखर. मी तिला सांगितलं, "येतो. शामरावचा बोर्ड बसवून देतो अन येतो. शब्द दिला आहे."

"किती दिवस लागतील, बाबा?"

"एक पाटी घ्याची आहे. हप्ताभर."

माझी सुटकेस तेव्हापासून दाराजवळ भरून ठेवलेली. शामराव रोज तिच्या बाजूनं पाय जपून आत येई.

तो येई चहाच्या वेळेला. तो आला नसता तर मी गॅस पेटवला नसता, हे खरं आहे. पण पाहुणा ओट्यावर येऊन बसला तर चहा ठेवावाच लागतो. पहिल्या दिवशी मी साखर समजून मीठ टाकलं. शामराव पूर्ण कप प्यायला. मी माझा घोट थुंकला आणि म्हटलं, "अबे, खारट आहे, सांगाचं नाई का?"

"मले वाटलं तुमी असाच पिता."

मग बोर्डाची शाळा सुरू. ओट्यावर त्यानं पुठ्ठा ठेवला. मधे ग्लुकोजचं बिस्किट, तो प्रोसेसर. बाजूला माचिसच्या काड्या ओळीनं, त्या रॅम. एका बाजूला हरभऱ्याची डाळ, ती काय होती मी विसरलो. त्यावर फुंकर मारून दाखवे, हवा इकडून आली तर डाळीला लागते, बिस्किटापर्यंत पोचत नाही. "म्हनून बोर्डावर जिथी बिस्कुट बसते तिथी लोखंडाचे जाडे ढेपे पायजे. गरमी ओढून घेनारे. त्याइले हीटसिंक म्हन्तेत. ते ज्याले मोठे, तो बोर्ड दमाचा." मी हो हो करायचो. एक दिवस बोलता बोलता मुंग्यांनी प्रोसेसर निम्मा नेला. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटी प्रोसेसर चहात बुडवून खाऊन टाकायचा.

मला वाटलं, आता घेईल. फोनवर रोज नवीन बोर्ड दाखवायचा. एक आवडला. मग बोट वर. "एक शंका आहे. याले रंगीत लाइट लागते. रात्री डोये उघडले तर वाटन कोनी आलं." रद्द. दुसरा. "याच्यात घड्याळासारखा शेल आहे. तो संपला तर बदलवन कोन? तुमी तर नागपूरले." रद्द. तिसरा चांगला होता, मला पण आवडला, कशामुळं ते विचारू नका. "याची वारंटी तीन सालाची आहे. तीन साल मीच नाई राह्यलो त?" मी म्हटलं, "मंग बोर्डाले काय फरक पडते बे?" त्यानं पुष्कळ विचार केला. म्हणाला, "तेही आहे." आणि तरी रद्द.

संगीता फोनवर विचारी, बाबा, पाटी आली का. मी म्हणे, येऊन राहिली. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मला पण थोडं तसं वाटायला लागलं होतं.

शेवटी मी चिडलो. म्हटलं, फोनवर पाहून काही होत नाही, चल चंद्रपूरला, दुकानात, हातात घेऊन पाहू आणि घेऊनच येऊ. बसनं गेलो. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

दुकान वरच्या मजल्यावर. दुकानदार तरुण, बोलायला गोड. त्यानं विचारलं, "काका, कशासाठी पाहिजे? गेम खेळता?"

"नाई."

"व्हिडिओचं काम आहे?"

"नाई."

"मग एवढा भारी बोर्ड कशाला?"

"उन्हाळा भारी राह्यते आमच्याकडे," शामराव म्हणाला.

त्यानं एक काळा बोर्ड काढला. सगळ्यात दमदार तोच म्हणाला, कितीही ताण द्या, झेलतो. शामरावनं विचारलं, "ऊन झेलते का? दुपारचं? मे मयन्यातलं?"

"काका, घरी एसी असेल ना?"

"कूलर आहे," शामराव म्हणाला. मग मान हलवली. "म्हंजे तो कूलर नाई, तोच कॉम्प्युटर आहे."

दुकानदार माझ्याकडं पाहायला लागला. मी भिंतीकडं पाहिलं.

मग शामरावनं खिशातून उदबत्ती काढली. हे त्याचं जुनं काम. खाणीत हवा कोणत्या बाजूला चालली हे पाहायचं तर धूर सोडून पाहतात. धूर खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. दुकानात एक कॉम्प्युटर उघडाच चालू होता, काचेच्या पेटीत. दुकानदार काही बोलायच्या आत शामरावनं उदबत्ती पेटवून त्याच्या तोंडाशी धरली आणि धूर कुठून जातो, कुठून निघतो पाहत बसला. दुकानदार म्हणाला, "काका, काका, काय करून राहिले?" कोपऱ्यातल्या एका बाईला वाटलं पूजा आहे, तिनं चप्पल काढली.

धूर पाहून झाला. शामराव त्या काळ्या बोर्डाकडं परत आला. त्याच्या लोखंडी ढेप्यांवरून बोट फिरवलं. थरथरतं बोट, पण असं फिरवलं जसं गाईच्या पाठीवरून फिरवतात. चेहरा एकदम उजळला. मी त्याचा असा चेहरा विमलच्या हातची मोहाच्या फुलाची पोळी पाहून पाहिला होता, बाकी कधी नाही. मला वाटलं, झालं. सुटलो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, हा घेतला त तुमी कवा जाता?"

"तू घे. रविवारी बसवून देतो. सोमवारी जातो."

शामरावनं बोर्ड हळूच खाली ठेवला. बोट वर केलं. "एक शंका आहे. काळा आहे. काळं ऊन खाते."

मी सरळ जिना उतरलो. खाली उसाच्या रसाच्या गाडीजवळ आलो तर म्हणतो, "चष्मा वर राह्यला," आणि परत वर गेला. चष्मा आणायला त्याला माझे दोन ग्लास रस होईपर्यंत वेळ लागला. परतीच्या बसमध्ये कापडी पिशवी मांडीवर धरून बसला. मी म्हटलं, वर ठेव. म्हणे, नाही, पपई आहे, दबते. पपई कधी घेतली विचारलं, तर म्हणे आत्ताच. ती पपई चौकोनी दिसत होती. पण त्या दिवसांत मला गोल काय, चौकोनी काय, काही समजत नव्हतं. घरापर्यंत तो मला सांगत आला की तो बोर्ड कसा बेकार होता. पपईची फोड मला काही मिळाली नाही. त्याचा मला चार दिवस राग होता.

संगीतानं मग स्वतःच ठरवलं. म्हणाली, "बाबा, बोर्ड येवो न येवो, या रविवारी जावई गाडी घेऊन येतील." मी म्हटलं, "बरं." शामरावला सांगितलं. त्यानं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं, तरी रिकामं बोट बुडवूनच बसला. म्हणाला, "मंग रविवारच्या आत पाहावं लागन." आणि शनिवारी सकाळी पासबुकात एंट्री मारायला भद्रावतीला गेला.

दुपारी वावधान आलं. आमच्याकडं उन्हाळ्यात येतं तसं, लाल धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब, गारा आणि पाऊस. शामरावच्या छपराचा पत्रा उचलून आपटायला लागला. ज्या कोपऱ्यात त्याची ती कूलरपेटी, त्याच कोपऱ्यावरचा. त्याच्या घराची एक चावी आमच्याकडं असते, खिळ्याला. विमलनं लावलेली, लाल दोऱ्यात. मी ती खिळ्यावरून काढली. बराच वेळ नुसती हातात धरली. मग पत्र्याचा आवाज ऐकून पळालो.

आत पाणी गळत होतं, थेट पेटीवर. मी पेटी ओढली. नुसता पत्रा आणि गवत, तर आत काय हललं? वाटलं, पाणी भरलं आत. पुढची जाळी काढली, ओलं गवत बाजूला केलं.

आत कापडी पिशवी होती. पिशवीत दुकानाचा डबा. डब्यात तो काळा बोर्ड, जाडे ढेपे असलेला, प्लॅस्टिकच्या थैलीत, कोरा. चंद्रपूरची पपई.

मी तिथंच जमिनीवर बसलो. आधी मला वाटलं, हा माणूस पागल आहे. घेतला तर सांगत काऊन नाही? मग इतके दिवस मला खोटं सांगून, चहा पिऊन, मुंग्यांना बिस्किटं खाऊ घालून, याला काय मिळालं? मी हळू चालणारा माणूस, माझं डोकं पण हळू चालतं. वर पत्रा वाजत होता. समोर त्याची भिंत, तिच्यावर खुंटीला एकच सदरा. चुलीजवळ एक ताट, एक पेला. बाजूला त्यानं आमच्या ओट्याकडं तोंड करून ठेवलेली खुर्ची. त्या खुर्चीतून खिडकी दिसते, खिडकीतून माझा दरवाजा, आणि दरवाजाजवळची सुटकेस.

सोमवारी जातो, असं मी दुकानात म्हटलं होतं. तेव्हा त्यानं बोर्ड खाली ठेवला होता.

मी डबा पुसला. होता तसा पिशवीत घातला, पिशवी पेटीत, वर गवत. पत्र्यावर दगड ठेवले, पेटी कोरड्या बाजूला ओढली, कुलूप लावलं. चावी परत त्याच खिळ्याला.

संध्याकाळी शामराव आला तो घरी न जाता थेट माझ्या ओट्यावर. कपडे भिजलेले. सुटकेसच्या बाजूनं पाय जपून आत आला. फोन काढला आणि म्हणाला, "भाऊ, एक नवा बोर्ड पाह्यला बँकेत बसून. हा शेवटचा. हा तुमाले आवडला त घेऊनच टाकतो. जाता जाता बसवून द्या." माझ्याकडं न पाहता बोलत होता.

मी चहा ठेवला. साखरेच्या डब्यात साखर होती, पहिल्यांदाच. फोन हातात घेतला. हिरवा बोर्ड होता. काळा नाही, लाइट नाही.

"खाचा किती?"

"चार. तुमीच म्हटलं होतं."

"ऊन झेलते?"

"झेलते म्हन्ते."

मी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात संगीताचा फोन आला, उद्या किती वाजता निघायचं विचारायला. मी म्हटलं, "जावयाले म्हन, नको येऊ. पाटीचं अजून पक्कं नाई." ती काही बोलली, मी ऐकून घेतलं आणि ठेवला.

शामराव कप धरून माझ्याकडं पाहत होता. 

मी बोट वर केलं. म्हटलं, "एक शंका आहे."

"कोन्ती?"

शंका काही मला सुचली नव्हती. बोर्डातलं मला काय समजतं.

"सांगतो," मी म्हटलं. "आधी सदरा बदलून ये. ओला आहेस."